पिवळा ठिपका

आमच्या गोदामाची पायरी हौसेने कोणी चढत नसे. माणूस यायचा, दारावरची पाटी दोनदा वाचायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "ते इथंच मिळतं का?" 'ते' म्हणजे कमोडची खुर्ची. चाकाची खुर्ची लोक मोठ्याने मागतात, कमोडची कुजबुजत मागतात. एवढ्या वर्षांत याला अपवाद एकच पाहिला. एक निवृत्त फौजदार होते, त्यांनी बेडपॅनसुद्धा हुकूम सोडल्यासारखा मागितला.

पंचवटीत एका धर्मादाय संस्थेचं रुग्णसाहित्य केंद्र होतं. तिथे मी नव्वद सालाच्या आगेमागे लागलो आणि वीसेक वर्षांनी निवृत्त झालो. हुद्दा व्यवस्थापकाचा, काम म्हणाल तर भांडारी, धोबी, लोहार आणि वेळप्रसंगी हमाल. घरात कोणी अंथरुणाला खिळलं की जे जे लागतं ते आम्ही वापरायला द्यायचो. वॉकर, कुबड्या, हवेची गादी, कळ फिरवली की डोक्याकडून वर होणारी लोखंडी कॉट. रेशनकार्डाची झेरॉक्स घ्यायची, वहीत नाव, पत्ता, आजार आणि वस्तूचा नंबर लिहायचा, आणि गरज संपली की परत आणा म्हणून सांगायचं.

'गरज संपली की' यात सगळं आलं. पेशंट गेला तर वस्तू दहाव्याच्या आत परत येते, कारण ती घरात कोणाला नजरेसमोर नको असते. पेशंट बरा झाला तर मात्र ती येतच नाही. वॉकरवर टॉवेल वाळत पडतात, कमोडच्या खुर्चीचं भोक फळीने बुजवून तिच्यावर टीव्ही ठेवतात. त्यामुळे एखादी वस्तू वर्षभर आली नाही की मी तोंडाने शिव्या घालायचो आणि मनातून खूष असायचो. लासलगावच्या एका अडत्याने वडिलांसाठी चाकाची खुर्ची नेली होती. दोन पत्रं टाकूनही परत येईना म्हणून मी स्वतः यार्डात गेलो, तर लिलाव जोरात चाललेला आणि आमच्या खुर्चीत अडत्या स्वतः बसलेला. "वडील कसे आहेत?" मी विचारलं. त्याने मान न वळवता ट्रॅक्टरकडे बोट केलं. म्हातारा ट्रॉलीत उभा राहून कांद्याला हात घालून शेतकऱ्याशी भांडत होता. "तुमच्या खुर्चीचा गुण हाय," अडत्या म्हणाला. मी खुर्ची न घेताच परत आलो आणि वहीत 'नादुरुस्त' असं लिहून टाकलं.

नव्वदीच्या मध्यावर वहीतल्या 'आजार' या रकान्याची गडबड सुरू झाली. तोवर तिथे लकवा, खुब्याचं हाड, म्हातारपण असं लिहिलेलं असायचं. आता तिशी-पस्तिशीच्या माणसांसाठी कमोडच्या खुर्च्या जाऊ लागल्या आणि न्यायला आलेली बायको नाहीतर आई म्हणायची, "अशक्तपणा लिवा." साथ जगभर पसरलेली होती, वर्तमानपत्रांत मोठमोठे लेख येत होते. आमच्या वहीत ती आली ती अशी अशक्तपणा होऊन. त्या दिवसांत गोळ्या नव्हत्या. दवाखान्यातून सांगायचे की आता घरी न्या आणि सेवा करा. सेवा करा म्हणजे काय करा, हे सांगायला शहरात चार-दोन लहान संस्था होत्या. कोणी खिचडीचे डबे पोचवायचं, कोणी घरी जाऊन अंग पुसायला शिकवायचं. साहित्यासाठी सगळे आमच्याकडे यायचे.

आमचे अध्यक्ष अप्पा हे किराण्याचे घाऊक व्यापारी. माणूस सढळ हाताचा, पण भित्रा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "त्या पेशंटांना नाही म्हणायचं नाही. कोणालाच नाही म्हणायचं नाही. पण त्यांची खुर्ची पुन्हा दुसऱ्याच्या म्हातारीला द्यायची नाही. लोकांना कळलं तर गोदामाला कुलूप लागेल."

दर शनिवारी एक डॉक्टरीणबाई संस्थेत यायच्या. त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "खुर्चीने हा आजार पसरत नाही. आलेली प्रत्येक वस्तू ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, कोणाकडूनही आलेली असो. सगळ्यांना एकच नियम." त्यातलं ब्लिचिंग पावडर आम्ही ऐकलं आणि 'सगळ्यांना' हा शब्द कानाआड केला. सगळं धुवायचं म्हणजे पाणी, पावडर आणि माझी कंबर.

मग तोड मी काढली, आणि तिचा मला तेव्हा अभिमान होता. फाटकाला लावून उरलेला पिवळा ऑइल पेंट गोदामात पडून होता. 'त्या' घरांत जाणाऱ्या वस्तूंवर मी एक ठिपका दिला, नव्या रुपयाएवढा. खुर्चीला बैठकीच्या खालून, वॉकरला आडव्या नळीच्या आतून, कॉटला पायाच्या बाजूने. बसणाऱ्याला दिसायचं नाही, आणि परत आली की मला लगेच कळायचं. ठिपक्याच्या वस्तू भिंतीकडे वेगळ्या रांगेत ठेवायच्या आणि तेवढ्याच पावडरने धुवायच्या. अप्पांनी पाठ थोपटली. असं दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

सुमनबाई आली ती श्रावण संपता संपता. मखमलाबादकडचं फुलं पिकवणारं माळ्याचं घर. ती रोज सकाळी गोदाकाठच्या फुलबाजारात पाटी घेऊन बसायची. झेंडू, शेवंती आणि बसल्या जागी ओवलेले हार. वीस-बावीस बायकांच्या रांगेत तिची जागा पिंपळाशेजारची, तिच्या सासूपासून चालत आलेली. नवरा सहा महिने झिजत होता. तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि रीतसर म्हणाली, "अशक्तपणा लिवा, भाऊ." मी लिहिलं आणि भिंतीकडच्या रांगेतली खुर्ची तिला काढून दिली.

खुर्ची रिक्षात चढवताना उलटी झाली आणि तिला ठिपका दिसला. "हे काय?"

"आमची नंबराची खूण," मी म्हणालो. खोटं सहज जमून गेलं.

जाताना तिने आपणहून सांगितलं, "बाजारात कोणाला म्हाईत नाय, भाऊ. देवाची फुलं इकते मी. कळलं तर माझ्या हातचा हार कोन घिऊन जाईल? तोंडावर नवरात्र हाय, दसरा हाय. आमचं सारं घर त्या झेंडूवर चालतं."

मी म्हणालो, "आमच्याकडून बाहेर जाणार नाही." आणि ते खरं धरून चाललो होतो, कारण वहीत मी अशक्तपणाच लिहिला होता.

ते बाहेर गेलं ते माझ्याच तोंडून, आणि आधीच गेलेलं होतं. त्याच्या महिनाभर आधी मखमलाबादचीच लीलाबाई नावाची एक बाई बापाचा पाय मोडला म्हणून खुर्ची न्यायला आली होती. ती नेमकी भिंतीकडच्या रांगेतली खुर्ची उचलायला लागली, तशी मी हटकलं, "अहो ताई, ती रांग नको. त्या ठिपक्याच्या आहेत, वेगळ्या पेशंटांच्या. तुम्हाला चांगली देतो." वर आमची व्यवस्था किती चोख आहे हेही ऐकवलं. ती बाई सुमनबाईच्या घरामागे राहते, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण पत्ता वहीत होता. दोन्ही पत्ते माझ्याच अक्षरात होते.

सुमनबाईची एकच चूक झाली, ती म्हणजे ती स्वच्छ होती. खुर्ची रोज धुवायची आणि अंगणात पालथी घालून वाळवायची.

गणपती उठल्यानंतर आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी ती फाटकातून आत आली. खुर्ची डोक्यावर होती, पालथी, ठिपका वर. मखमलाबादपासून तशीच चालत आली होती. गोदामात तेव्हा साहित्य न्यायला आलेली चार माणसं होती. तिने खुर्ची माझ्या टेबलासमोर ठेवली.

"ही घ्या तुमच्या नंबराची खूण."

मी म्हणालो, "ताई, बसा. पाणी घ्या."

"बसायला नाय आले. चार दिस झाले, बाजारात माझ्या पाटीला कोन हात लावत नाय. येतात, बघतात, फुडं जातात. शेजारच्या बायकांनी पाट्या सरकवून घेतल्या. काल एकीनं तोंडावर सांगितलं, सुमन, दसरा होईस्तवर तू बसू नको, आमचाबी धंदा बसंल. लय वर्सं एका रांगेत बसलो आम्ही. तुम्ही म्हनला व्हता, बाहेर जाणार नाय."

"मी कोणाला तुमचं नाव सांगितलं नाही," मी म्हणालो. हे शब्दशः खरं होतं, म्हणूनच ते बोलताना मला लाज वाटली.

"नाव कशाला सांगायला पायजे? कपाळावर लिवून दिलं की."

"पण खुर्ची का आणलीत? त्यांना बसायला..."

"त्यो भुईवर बसंल. मी धरते. पण ह्या ठिपक्यावर नाय बसायचा."

ती गेली. बाकीच्या चार माणसांपैकी दोघं काही न घेता निघून गेली. मी खुर्ची उचलली, आणि धुवायला काहीच नव्हतं. ती बाई आमच्यापेक्षा स्वच्छ धूत होती.

मला राग आला तो आधी लीलाबाईचा, मग फुलबाजारातल्या बायकांचा, मग अप्पांचा. माझा स्वतःचा यायला संध्याकाळ झाली. साप म्हणून भुई धोपटावी तसं मी दोन वर्षं भलतंच काही करत होतो, आणि ज्यांच्या सेवेसाठी गोदाम उघडलं त्यांच्यावर शिक्का मारत होतो. आणि कशासाठी, तर सगळंच धुवायला लागू नये म्हणून.

ठिपके खरवडून काढायचे, हे पहिलं सुचलं. एक खुर्ची घासूनही पाहिली. रंग निघाला, पण खाली लोखंडाचा चकचकीत गोल उरला. तो तर लांबूनही दिसायचा. तेव्हा मी ब्रश घेतला आणि उजव्या हाताच्या पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. खुर्च्या झाल्या, वॉकर झाले, कॉट झाल्या, कुबड्यांच्या जोड्या झाल्या. हवेच्या गादीवर ऑइल पेंट बसत नाही, तर तिच्या पंपाला लावला. बेडपॅनलासुद्धा बुडाला एकेक. दोन दिवस हेच केलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या रांगा मोडून वस्तू एकमेकींत मिसळून टाकल्या. त्यानंतर मलाही सांगता आलं नसतं की कोणती खुर्ची कोणाची.

अप्पा आले ते फाटकातूनच ओरडत. "हे काय करून ठेवलंस? आता कोण नेईल आपल्याकडून?"

"ज्याला लागेल तो नेईल."

"आणि चांगल्या घरातली माणसं?"

"अप्पा, दोन वर्षांत आपल्याकडे चांगल्या घरातलीच माणसं येत होती," मी म्हणालो. "आपण त्यांच्या दोन रांगा लावल्या. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळ्यांना एकच नियम. आजपासून येईल ती प्रत्येक वस्तू मी पावडरने धुणार. तुम्हाला पटत नसेल तर किल्ल्या घ्या."

किल्ल्या मी खरंच टेबलावर ठेवल्या होत्या. अप्पांनी त्या घेतल्या नाहीत. गोदामात एक चक्कर मारली, दोन-तीन खुर्च्या उलट्या करून पाहिल्या.

"रंग उरला का?"

"संपला."

"सुंठीवाचून खोकला गेला," असं म्हणून ते दुकानावर निघून गेले. त्या विषयावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

पंधरा दिवस गोदामात चिटपाखरू फिरकलं नाही. मग दिंडोरीचा एक द्राक्षवाला वडिलांसाठी कॉट मागायला आला. वडिलांना लकवा झालेला, द्राक्षांची छाटणी तोंडावर आलेली, घरात उचलायला माणूस नाही. त्याने ठिपका पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "सगळ्यांनाच आहे. सगळंच धुतलेलं आहे." तो म्हणाला, "मंग टाका टेम्पोत." गरज दारात आली की माणूस ठिपका बघत बसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या मागून दुसरे आले, तिसरे आले.

द्राक्षवाल्याच्या टेम्पोतून जाताना मी ती खुर्ची सुमनबाईच्या घरी नेली. ती ओट्यावर फुलं निवडत होती. मी सांगितलं की आता गोदामात एकही वस्तू बिनठिपक्याची नाही. तिने खुर्ची उलटी केली, ठिपका पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"समद्याला?"

"सगळ्यांना. बेडपॅनलासुद्धा."

तिच्या तोंडावर हसू आलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण आलं नाही. तिने खुर्ची आत नेली आणि नवऱ्याला बसवलं. आतून तो म्हणाला, "बरं वाटलं." तेवढंच.

इथे मला सगळं नीट झालं असं सांगता आलं असतं तर मी आनंदाने सांगितलं असतं. मी ठिपका सगळ्यांना लावला, पण तिचा पुसता आला नाही. फुलबाजारातल्या रांगेत ती त्या दसऱ्याला बसली नाही आणि पुढेही कधी बसली नाही. पिंपळाशेजारी दुसरी बाई बसू लागली. नवरात्रात तिने सगळा झेंडू टेम्पोत भरला आणि वणीला, गडाच्या पायथ्याशी, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं तिथे जाऊन विकला. पुढे सणावारी ती तिकडेच जात राहिली. ज्या घाटावर सासूने तिला हार ओवायला शिकवलं, तो घाट माझ्यामुळे सुटला. याची भरपाई कशाने होते हे मला आजही माहीत नाही.

नवरा दिवाळीनंतर गेला. खुर्ची पाचव्या दिवशी परत आली, धुतलेली. ती मी पुन्हा धुतली, कारण नियम.

त्यानंतर मी तिला दोन-तीनदा ओझरतं पाहिलं. पुढे सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळू लागल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंकडून कळलं की ती नेमाने गोळ्या घ्यायला जाते आणि ठीक आहे. मी जास्त विचारलं नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटी शेवटी स्वाइन फ्लू आला. पुण्याच्या बातम्या आल्या आणि दोन दिवसांत नाशिकची तोंडं रुमालांनी झाकली. ज्या घरांना बाहेर पडू नका असं सांगितलं होतं तिथे आमची संस्था जेवणाचे डबे पोचवायला लागली. अप्पा तोवर राहिले नव्हते. नवे चिटणीस हुशार होते, त्यांनी सुचवलं की आजारी घरांतल्या डब्यांना लाल चिकटपट्टी लावावी, म्हणजे परत आल्यावर वेगळे धुता येतील. मी म्हणालो, "लावा की. फक्त सगळ्याच डब्यांना लावा." त्यांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मग त्यांना एक खुर्ची उलटी करून दाखवली आणि सगळी गोष्ट सांगितली. चिकटपट्टी आली नाही. डबे सगळे उकळत्या पाण्यात जायला लागले.

गोदामात तरुण पोरं आली होती, त्यांना हे काही ठाऊक नव्हतं. नवी वस्तू आली की नंबर टाकायच्या आधी तिला पिवळा ठिपका द्यायचा, एवढी रीत ती पाळायची. कोणी विचारलं तर सांगायची, शकुनाचा असतो. हळदीचा रंग म्हणून लोकांनाही ते पटायचं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

त्याच पावसाळ्यात एके सकाळी फाटकापर्यंत रांग होती. सगळे हात-हात अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून उभे. माझ्यासमोर एक बाई आली. पदर नाकावरून घेतलेला, त्यामुळे आधी मी ओळखलं नाही.

"सासू पडली, भाऊ. वॉकर पायजे."

आवाजावरून ओळखलं. थकली होती, पण ताठ होती. मी उठलो आणि आदल्या दिवशी देणगीत आलेल्या कोऱ्या वॉकरांतला एक काढून तिच्यापुढे ठेवला. चकचकीत, रबरी बुचं नवी, अजून कागदसुद्धा निघाला नव्हता. मनात म्हटलं, निदान आज तरी हिला चांगली वस्तू देऊ.

तिने वॉकर आडवा केला. आडव्या नळीच्या आतून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तो सरळ करून माझ्याकडे सरकवला, आणि फाटकापर्यंतच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा नको, भाऊ. ठिपक्याचा द्या."